दहाच्या खांद्यावरचा सात

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागच्या फळीवर काळ्या भुकटीचं पाकीट दिसलं आणि तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, तू कोळसा खातेस?" तेवढ्यात तुमच्या बाबाची मीटिंग सुरू झाली, कॉल बंद झाला आणि प्रश्न तसाच राहिला. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते. घाईत अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तो कोळसा नाही, जिवाणू खत आहे. भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवर बारीक बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला पुरवतात. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळायचे आणि पाकिटात भरायचे. शेतकरी पेरणीआधी ती भुकटी बियाण्याला चोळतो. दुकानात त्याला नुसतं 'कल्चर' म्हणतात. पाकिटातले जिवाणू जिवंत असावे लागतात आणि पुरेसे असावे लागतात. एका ग्रॅमला किती आहेत, ते पाकिटावर छापावंच लागतं. सगळा घोळ झाला तो ह्या 'किती'चा.

हे कल्चर माझ्या मैत्रिणीच्या सुनेने केलेलं आहे. मैत्रीण म्हणजे तीच, जिने तुम्हाला मागच्या सुट्टीत भडंग बांधून दिला होता. ती आमच्या मंगळवार पेठेतच दोन गल्ल्या सोडून राहते. त्यांचं घर जैन, मूळचं शेतीवालं, आता पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. सून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. घरामागची एक खोली दुकानाचं गोदाम होती, ती सासऱ्यांनी तिला प्रयोगशाळेसाठी मोकळी करून दिली. पण देताना सरळ सांगितलं, "ह्या पेरणीचा एक हंगाम बघू. चाललं तर चाललं. नाहीतर खोली परत दुकानाला." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दुकानाचा माल अंगणात प्लास्टिकखाली पडलेला त्यांना रोज दिसत होता, एवढंच.

नातेवाइकांनी चेष्टा केली ती वेगळीच. एक आत्या म्हणाल्या, "आपल्यात जीव सांभाळत्यात, आन् ही पोरगी पाकिटात भरून विकतीय."

सून म्हणाली, "मारत नाही हो आत्या. पोटभर खायला घालून शेतात सोडते."

तिचा पहिला मोठा माल गारगोटीच्या एका दुकानात गेला. बाजारपेठेतलं चालतं दुकान, भुदरगड तालुक्यातल्या गावोगावचे शेतकरी तिथे येतात. तिथे माल खपला की पुढचं सोपं होतं. माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते, तर दारातून हाक आली.

"बाई, आलो मी. हिला पण घेऊन आलो. पोळ्या राहू देत."

कोल्हापुरात बायकाही 'आलो', 'गेलो' म्हणतात, ह्यावर तुम्ही मागे हसला होतात, ते आठवा आणि आता पुन्हा हसून घ्या. मैत्रीण मला अजून 'बाई' म्हणते, कारण तिच्या मुलाला मी शाळेत गणित शिकवलं. तिच्यामागे सून उभी होती, छातीशी लॅपटॉप धरून. ती एरवी बडबडी आहे. त्या दिवशी चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही, आणि मी काही बोलले नाही. माझ्या घरात हे किती मोठं, ते तुमच्या आईला विचारा.

ती बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. गारगोटीचे दुकानदार. तिने स्पीकर लावला.

"ताई, माल लई बेस हाय, त्यात वाद न्हाय. पन काल खताचे इन्स्पेक्टर साहेब आलते. पाकीट घेतलं, चष्मा वर केला आन् म्हनले, ह्यात ग्रॅमला पाचशे पस्तीस जीव. म्हटलं, आसं कसं साहेब? तर मोबाइलवर करून दावलं की. पाच गुनिले एकशे सात."

"काका, एकशे सात नाही ते," सून म्हणाली. "दहाचा सातवा घात आहे."

"त्ये तुमास्नी ठावं हाय, ताई. पाकिटाला ठावं न्हाय की."

"मग आता?"

"विक्री थांबवलीया. उद्या दुपारी साहेब परत येनार. लेबल नीट झालं तर झालं. न्हायतर माल कमी प्रतीचा म्हनून लिहून वर धाडनार. आन् पेरनी तर तोंडावर आलीया, मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

फोन ठेवल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा कमी प्रतीचा म्हणून कागद झाला की दुसरा कुठलाच दुकानदार दारात उभा करत नाही, मावशी. आणि घरी मामांना काय सांगू? माल चांगला होता, आकडा पडला?" मामा म्हणजे तिचे सासरे.

मैत्रीण म्हणाली, "ते तुझं रडणं नंतर. बाई, तुम्ही बघा आधी. तुमच्या घरात मिठाची बरणीसुद्धा रकान्यात लिहिलेली असते."

हे खोटं नाही. निवृत्त झाल्यावर मी स्प्रेडशीट शिकले आणि तेव्हापासून गॅसचा सिलिंडर, औषधं, तुमच्या उंच्या, सगळं शीटमध्ये ठेवते. म्हणून पेठेत कुणाची शीट अडली की माझ्याकडे येतात. गॅस बंद केला, चष्मा पुसला आणि फाइल उघडायला सांगितली.

फाइल व्यवस्थित होती. मला बरं वाटलं. नीट फाइल ठेवणाऱ्या माणसाची चूक लवकर सापडते. एका पानावर प्रत्येक बॅचची माहिती: बॅच क्रमांक, पेशींची संख्या, वापरण्याची मुदत. दुसऱ्या पानावर लेबलं. माहितीच्या पानावर ५ × १० आणि त्याच्या खांद्यावर लहानसा ७ अगदी दिमाखात बसलेला होता. लेबलाच्या पानावर गेलो, तर तोच सात खाली उतरून शून्याच्या शेजारी त्याच्याएवढाच होऊन उभा. १०७.

"मी पहिली नमुन्याची लेबलं हाताने टाइप केली होती," ती सांगू लागली. "ती बरोबर होती. मग ऑर्डर मोठी झाली, बॅचेस वाढल्या, म्हणून सूत्र लावलं. माहितीच्या पानावरून सगळं उचलून आपोआप एका ओळीत जोडायचं. मी तपासलं पण माहितीचंच पान. तिथे बरोबर दिसत होतं."

आता हे तुम्हाला समजावून सांगते, कारण तुम्हीही कधीतरी इथे अडकणार. आपण सात निवडतो आणि त्याला 'वर बस, लहान हो' म्हणून सांगतो, तेव्हा तो सात बदलत नाही. तो साधा सातच असतो, फक्त त्याला वेगळा पोशाख चढवलेला असतो. सूत्र जेव्हा एका घरातलं दुसऱ्या घरात नेऊन जोडतं, तेव्हा ते फक्त अक्षरं आणि आकडे उचलतं. पोशाख तिथेच खुंटीला राहतो. सूत्राच्या निकालात एकट्या साताला पुन्हा तो पोशाख घालायला गेलं तर शीट ऐकत नाही. तिथे रंगवायचं तर सगळी ओळ रंगते, एकटा आकडा नाही.

एक उपाय सरळ होता. सूत्रं काढून नुसता मजकूर ठेवायचा आणि प्रत्येक लेबलावरचा सात हाताने वर चढवायचा. मी तो नको म्हटलं. हाताने केलं की एखादं राहतं, आणि साहेबांच्या हातात नेमकं तेच येतं. शिवाय पुढच्या बॅचला पुन्हा तीच कसरत.

दुसरा उपाय मला माहीत होता आणि मी जरा ऐटीत सांगितला. संगणकात असा एक सात असतो जो जन्मतःच लहान आणि वर बसलेला आहे. त्याला पोशाख लागत नाही, म्हणून सूत्र त्याला जसाच्या तसा उचलतं. युनिकॅर नावाच्या फंक्शनला ८३११ हा क्रमांक दिला की तो हजर होतो. दोन आणि तीन यांचे क्रमांक मात्र अगदी वेगळ्याच गल्लीत आहेत, कारण चौरस आणि घन मीटरसाठी त्यांना फार आधीच जागा मिळाली होती. हे मी तिला सांगत होते तेव्हा मैत्रीण म्हणाली, "बाई, वर्ग सुटलाय."

सात बसवला. पडद्यावर छान दिसला. छापून काढला आणि तिघींनी कागदावर डोकी घातली.

"हे वर काय पडलंय?" मैत्रिणीने विचारलं.

"सात आहे, अक्का," सून म्हणाली. सासूला ती अक्का म्हणते.

"सात कुठला? माशी बसून गेल्यासारखं दिसतंय."

तिचं बरोबर होतं. लेबल मराठीत होतं, शेतकऱ्याला वाचता यावं म्हणून सुनेने हट्टाने मराठी आकडे घेतले होते. ५ × १० मराठी, गोल, ठसठशीत; आणि वर टेकलेला सात इंग्रजी, सुईसारखा. त्या बारीक लेबलावर तो आकडा वाटतच नव्हता. साहेब पुन्हा चष्मा वर करतील आणि पाच गुणिले दहा, म्हणजे पन्नास म्हणतील, अशी मला भीती वाटली. पाचशे पस्तीसवरून पन्नासावर.

"मग मराठीच सात वर बसवा की," सून म्हणाली.

मी शोधला. खूप शोधला. तसा मराठी सात नाहीच. इंग्रजी आकड्यांची वर बसणारी सगळी भावंडं तयार आहेत, आपल्या आकड्यांची नाहीत. एका ठिकाणी देवनागरी आकडे वर बसलेले सापडले आणि माझा जीव भांड्यात पडला, पण ते निघाले सामवेदाच्या गायनाच्या खुणांचे. ते अक्षराच्या डोक्यावर बसतात, खांद्यावर नाही. तरी छापून पाहिलं. आमच्या प्रिंटरने नुसता एक रिकामा चौकोन काढून दिला.

मैत्रीण तो चौकोन बघत म्हणाली, "साहेबांना म्हणावं, ह्यात मंत्र भरलाय."

कुणीच हसलं नाही. सूनबाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. सासऱ्यांना खोली परत मागायला तोंड उघडावं लागणार नव्हतं. ही पोरगी स्वतःच किल्ली नेऊन देईल अशा स्वभावाची आहे.

तेवढ्यात दुकानदारांचा फोन पुन्हा आला. मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं.

"ताई, हितं आकुर्ड्याचं पावणं आल्यात. विकत न्हाय म्हटलं तरी ऐकंनात. म्हनत्यात, खरं काय ते पोरीच्या तोंडनं ऐकू द्या. बोला त्यांच्यासंगं."

मागून आवाज आला, "व्हय ओ ताई, आमी गेल साली दुसरं कल्चर नेलतं, काय बी झालं न्हाय. तुमच्या पुडीत जीव हायत तरी किती?"

सून आधीच वैतागलेली. ती फोनवर जवळजवळ ओरडलीच, "पाच कोटी आहेत, काका! एका ग्रॅमला पाच कोटी!"

"आसं सांगा की मग! कोटीत हाय म्हना!" पलीकडून समाधानाचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. दहाचा सातवा घात म्हणजे एकावर सात शून्यं. म्हणजे कोटी. आयुष्यभर मी इंग्रजीत गणित शिकवलं, मिलियन आणि बिलियन फळ्यावर लिहिले, आणि गेला तासभर मी त्या साताला वर चढवायला शिडी शोधत होते. आपल्या भाषेत त्या सगळ्या शून्यांना मिळून एक शब्द आहे, आणि शब्दाला पोशाख लागत नाही. सूत्र त्याला कुठूनही कुठेही नेऊ दे, कोटी तो कोटीच राहणार.

"तू आत्ता काय म्हणालीस, तेच छापायचं," मी म्हटलं.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "पण साहेब चालवून घेतील का? त्यांना घातातच लागत असेल तर?"

"विचार ना. फोन लाव. नंबर आहे ना दुकानदारांकडे?"

तिने लावला. मला वाटलं होतं साहेब तुसड्यासारखं बोलतील. ते नीट बोलले. म्हणाले, "मॅडम, मराठीत पाच कोटी लिहा, माझी हरकत नाही, उलट शेतकऱ्याला समजेल. पण नियमात जसा आकडा आहे तसाही एका ओळीत असू दे, वाचता येईल असा. मी वाचायला बसलोय, ओळखायला नाही."

मग दोन ओळी केल्या. वरची मराठीत, मोठ्या अक्षरांत: 'प्रति ग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी'. खालची पूर्ण इंग्रजी आकड्यांत: 5 × 10⁷. आता पाचही इंग्रजी, दहाही इंग्रजी, त्यामुळे वरचा सात त्यांच्यातलाच वाटू लागला. अक्षर थोडं मोठं केलं, तेव्हा माशीही उडाली. दोन्ही ओळी एकाच संख्येवरून सूत्राने येतील असं बांधलं, म्हणजे एकीत पाच आणि दुसरीत सहा असं कधी होणार नाही. एका बॅचमध्ये संख्या दहापट होती, तिथे सूत्राने आपोआप '५० कोटी' लिहिलं आणि खाली आठ चढवला. ते पाहून सून पहिल्यांदा हसली.

छापलेलं लेबल मी मैत्रिणीच्या हातात दिलं. ती घात कधी शिकलेली नाही, म्हणून परीक्षा तिचीच घ्यायची होती.

"वाच."

तिने कागद लांब धरला. "प्रति ग्रॅम किमान पाच कोटी जिवंत पेशी." मग सुनेकडे वळून, "एवढे? आणि मी त्या खोलीत रोज अनवाणी जातो?"

"त्या काही करत नाहीत, अक्का."

"करत नाहीत म्हणे. पाच कोटी आहेत, एखादी तरी करील."

संध्याकाळपर्यंत सगळी लेबलं छापून झाली. मध्येच मैत्रिणीने आम्हाला उठवून जेवायला बसवलं, कारण त्यांच्याकडे सूर्य बुडायच्या आत जेवण, मग जगात काहीही होवो. पोळ्या माझ्याच होत्या, सकाळच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी त्यांच्या गाडीने गारगोटीला गेलो. दुकानदारांनी माल थंड जागेत, पाठीमागच्या खोलीत ठेवला होता. जमिनीवर पोती अंथरून आम्ही जुन्या लेबलावर नवीन लेबल चिकटवत बसलो. मी कोपऱ्याला कोपरा जुळवून लावत होते, त्यावर दुकानदार म्हणाले, "आजी, पाकीट शेतात फाडायचं हाय, लगनात द्यायचं न्हाय."

"वाकडं लावलेलं मला दिसतं," मी म्हटलं.

"आमाला बी दिसतंय की. पन आमी वाकडंच बघत मोठं झालो."

दुपारी साहेब आले. मधल्या वयाचे, शांत. त्यांनी वरून एक पाकीट उचललं नाही. खालून, बाजूने, वेगवेगळ्या बॅचमधली काढली. वरची ओळ वाचली, खालची वाचली. बोटाने हवेत शून्यं मोजली. सून भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या ओढणीचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की ते नंतरही चुरगळलेलंच राहिलं.

"जमतंय," साहेब म्हणाले. "तपासणीला नमुना नेतो. तो सगळ्यांचाच नेतो."

"न्या की साहेब," ती म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीचा होता. "मोजून बघा. कमी निघणार नाहीत."

त्यांनी विक्री सुरू करायचा कागद दिला आणि दुकानदारांनी तो काचेखाली सरकवण्याआधीच बाहेर हाक मारली, "आकुर्ड्याचं पावणं, या! कोटीवालं कल्चर सुरू झालं!" तेव्हापासून तिथे ह्या पाकिटाला कोटीवालं कल्चर म्हणतात. तिने ठेवलेलं इंग्रजी नाव कुणी घेत नाही.

परतताना सून मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, मान वाकडी, लहान मुलासारखी. मैत्रिणीने पुढच्या सीटवरून नवऱ्याला फोन लावला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं: साहेब आले, लेबल चाललं, विक्री सुरू झाली, आम्ही निघायच्या आत निम्मा माल गेला.  

त्यांचा आवाज मला मागेही ऐकू आला. "बरं. मग दिवाळीनंतरच्या पेरणीला काय काढणार ती? हरभऱ्याचं?"

मैत्रिणीने फोन कानापासून जरा लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. हरभरा म्हणजे पुढचा हंगाम. खोली राहिली.

"झोपलीय ती," तिने नवऱ्याला सांगितलं. "उठल्यावर तुम्हीच विचारा."

आणि ड्रायव्हरला म्हणाली, "सावकाश घे रे. खड्डे चुकव."